लाल दिवा आणि अर्धी मिशी

देवळाली प्रवराच्या शिवारात, उसाच्या मधोमध जी वस्ती आहे, तिथं कुणाची विहिरीवरची मोटार पाणी उचलेना झाली की रंगनाथतात्यांना बोलावणं जातं. तात्या काही वायरमन नव्हेत. पण स्टार्टरच्या पेटीवर थाप कुठं मारायची आणि शिवी कधी हासडायची, हे त्यांना बरोबर कळतं. बऱ्याच मोटारी त्यानं चालूही होतात. काही जळतात. त्या जळायलाच आल्या होत्या, असं तात्यांचं म्हणणं, आणि वस्तीवर त्यांच्याशी वाद घालायला कुणाला सवड नाही.

अशा जाणत्या माणसाच्या घरातलं इंटरनेट शुक्रवारी सकाळी बंद असलेलं दिसलं. टीव्हीशेजारच्या फळीवर राउटरची पांढरी पेटी, तिच्यावर तात्यांच्या बायकोनं, मनकर्णाकाकूंनी, विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि रुमालाच्या नक्षीतून डोकावणारा लाल दिवा. रोज तो हिरवा असायचा.

आता इंटरनेट बंद पडलं तर वस्तीवर असं काय अडतं? पोरांचे रील अडतात, ते अडलेलेच बरे. पण या घराची गोष्ट वेगळी होती. तात्यांचा एकुलता एक मुलगा आदिनाथ जन्मापासून बहिरा. नगरला मूकबधिरांच्या शाळेत शिकला, आता चाकणला कंपनीत आहे. त्याच्याशी फोनवर हॅलो करून काय उपयोग? तो आणि त्याची आई हातांनी बोलतात. काही खुणा शाळेतल्या, काही घरात तयार झालेल्या. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागतो आणि मायलेकरं हातवारे करकरून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मोबाईलच्या रेंजवर हे जमत नाही. चारी बाजूंनी ऊस, त्यात रेंज आली तर आली. चित्र मधेच थिजतं, आणि हात अर्ध्यात थांबला की शब्दच मोडतो. एकदा आदिनाथ पगार वाढल्याचं सांगत होता, तर चित्र अशा जागी अडकलं की पोरगं जिन्यावरून पडलं असं वाटून काकूंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तेव्हा तात्यांनी फायबरची लाइन घेतली.

खुद्द तात्यांना मात्र ही भाषा येत नव्हती. जेवलास का, पैसे आणि ये, एवढ्या तीन खुणांवर त्यांनी सगळं बापपण निभावलं होतं. बाकीचं ते काकूंच्या मागं उभं राहून ओरडून सांगत.

"अवो, त्याला ऐकू येत न्हाई," काकू म्हणत.

"म्हणून तर मोठ्यानं बोलतोय!"

खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटायची. हात नाचवायचे, तोंडं वेडीवाकडी करायची, म्हणजे तमाशातला सोंगाड्या व्हायचं, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पोरगं लहान असताना बसलं ते तसंच राहिलं.

आणि नेमका हा रविवार मोठा होता. आदिनाथच्या कंपनीत पॅकिंगला संस्कृती नावाची मुलगी आहे, पारनेरकडची, तीही बहिरी. दोघांचं जमलं. मुलीचे आईवडील नाही म्हणत नव्हते, पण मुलीचीच एक अट होती. सासरची माणसं तिच्याशी बोलतात का, ते तिला आधी बघायचं होतं. माहेरी ती कधी गप्प बसली नाही, सासरी भिंतींकडं बघत बसायची तिची तयारी नव्हती. म्हणून रविवारी अकरा वाजता ती आईवडलांना घेऊन आदिनाथच्या खोलीवर येणार होती, आणि तिथून कॉल लागणार होता. इकडं काकूंनी स्वयंपाकघराला नवा रंग दिला होता.

आता थोडं मागं, गुरुवारी जावं लागेल. तात्यांच्या खालच्या तुकड्यातला ऊस तुटून गेला होता आणि रानात वाळक्या पानांचं पाचट पसरलं होतं. पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत दाबा, असं काकूंनी बजावलं होतं. काकू बाजाराला गेल्या आणि तात्यांनी काडी ओढली. वारं फिरलं. तात्या वाचले, पण उजवीकडची अर्धी मिशी गेली. मग उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. काकू परत आल्या तर खालचं रान काळंभोर आणि नवरा गुळगुळीत.

"रान कशानं जळलं?"

"ठिणगी आली कुठून तरी."

"अन् मिशी?"

"सोयरिकीचं बघायचंय. जरा तरुण दिसावं म्हटलं."

काकूंनी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि भाजी निवडायला घेतली. आदिनाथची त्या दिवशी दुपारपाळी होती, त्यामुळं संध्याकाळी कॉल नव्हता.

तर शुक्रवारी लाल दिवा. तात्यांनी राउटरला मोटारीचा इलाज सुरू केला. बंद केला, जरा दम खाऊ दिला, चालू केला. थाप मारली. पेटीच्या भोकांत फुंकर घातली. अँटेनाच्या दोन्ही कांड्या राहुरीच्या दिशेला वळवल्या, मग नगरच्या दिशेला. पेटी खिडकीत ठेवली, पलंगावर ठेवली, शेवटी देव्हाऱ्याशेजारी ठेवली, कारण तिथलं बटण चांगलं होतं. दिवा लालच. मग कंपनीच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा, असं दाबत दाबत एक बाई लागली.

"सर, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"बाई, तेच करतोय सकाळधरनं. दुसरं काही शिकवलंय का तुमाला?"

बाईंनी तक्रार लिहून घेतली, उद्या माणूस येईल म्हणाल्या. पण उद्यापर्यंत हातावर हात ठेवून बसेल तो रंगनाथ कसला! पेटीच्या मागं एक बारीक भोक होतं. भोक आहे म्हणजे कशासाठी तरी असणारच. तात्यांनी टाचणी घातली आणि दाबून धरली. सगळे दिवे एकदम विझले, पुन्हा लागले, आणि आतलं वायफायचं नाव, पासवर्ड, होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. लाल दिवा तेवढा राहिला.

"देवळालीत जाऊ, तिथं रेंज चांगली हाय," तात्या म्हणाले.

"सून बघायची ती एसटी स्टँडवर उभं राहून?" काकू कडाडल्या. "पोरीला घर बघायचंय. बोलणारं घर. एवढं एक काम धड झालं न्हाई, तर पोरगं जन्मभर मला काय म्हणंल?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांना ते बघवेना. बघवेना म्हणजे दुसऱ्या कुणावर तरी खापर फोडणं आलं. शेजारच्या राधाकृष्णाची उसाची ट्रॉली गुरुवारीच बांधावरून गेली होती. झालं! तात्या बांधावर जाऊन गरजले, "आमची तार तू तोडलीस!" राधाकृष्ण आईच्यान, भाकरीच्यान शपथा घ्यायला लागला. काकूही मागं राहिल्या नाहीत. राधाकृष्णाच्या बायकोला त्यांनी बांधावरूनच सुनावलं, "आमच्या आदिनाथच्या हळदीला यायचं काम न्हाई!" हळदीचा अजून पत्ता नव्हता, पण ती बिचारी डोळ्याला पदर लावून घरात गेली.

शनिवारी लाइनीचा माणूस आला. अजिनाथ त्याचं नाव. त्यानं पेटीकडं बघितलं, टाचणीकडं बघितलं. आत तारेतून प्रकाशच येत नाही, तार बाहेर कुठंतरी गेली आहे, एवढं म्हणून तो तारेच्या मागानं चालू लागला. तात्या बरोबर. घरापासून बांध, बांधावरून बाभळी, आणि बाभळींवरून तार थेट खालच्या काळ्या रानात. तिथं ती वितळून, काळी होऊन बाभळीला लोंबत होती.

तात्यांनी लोंबणारं टोक हातात धरलं. एवढे दिवस तार त्यांच्या डोक्यावरून जात होती, आणि काडी ओढताना त्यांनी वर बघितलंच नव्हतं.

"तात्या, इथं पेटवलं कुणी?"

"ठिणगी आली."

अजिनाथनं त्यांच्या ओठावरची रिकामी जागा बघितली. "जोड मारायचं मशीन राहुरीला गेलंय. उद्या सकाळी येतो. घरी काय सांगू?"

"उंदरानं कुरतडली म्हण."

अजिनाथनं तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग आपण राधाकृष्णाला बोललो ते?"

"उंदीर त्याच्याच रानातला," तात्या म्हणाले.

रविवारी सकाळी अजिनाथ शब्दाला जागला. तार जोडली, नाव-पासवर्ड पुन्हा घातला, आणि रुमालाखाली हिरवा दिवा लागला. काकूंनी त्याला पेढा दिला, एक राउटरपुढंही ठेवला. अकराला कॉल लागला. आदिनाथ, त्याच्या शेजारी निळ्या ड्रेसमधली संस्कृती, मागं खुर्च्यांवर तिचे आईवडील.

काकूंचे हात असे काही सुटले की बघत राहावं. घर दाखवलं, नवा रंग दाखवला, गाय दाखवली. संस्कृती भराभर विचारत होती, काकू भराभर सांगत होत्या. मग तिची नजर मागं उभ्या असलेल्या तात्यांवर गेली. तिनं आदिनाथला काही विचारलं. आदिनाथ पुढं वाकला, वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि तळहात उघडला.

"मिशी कुठं गेली, विचारतोय," काकू म्हणाल्या.

"काढली!" तात्या ओरडले.

तिकडं संस्कृतीचे वडील दचकले. संस्कृती दचकली नाही. तिला काही ऐकूच आलं नव्हतं. ती तात्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनं मान वळवून वडलांकडं बघितलं. ते बघणं तात्यांना बरोबर कळलं. त्याला कसली खूण लागते?

"पाव्हणं," तिचे वडील हळूच म्हणाले, "तिला सांगा की. तिनंच विचारायला लावलंय."

काकूंचे हात मांडीवर थांबले. या वेळी त्या मध्ये पडल्या नाहीत.

तात्यांनी तोंड उघडलं. खोटं सगळं तयार होतं. सोयरीक होती, ठिणगी होती, ट्रॉली होती, उंदीर होता. पण यातल्या एकाचीही खूण त्यांना येत नव्हती. हातांना येत होतं ते एवढंच, जे हातांनी गुरुवारी केलं होतं.

त्यांनी डाव्या हाताची मूठ केली, ती काड्यापेटी. उजव्या हातानं काडी ओढली आणि खाली टाकली. दोन्ही हातांची बोटं हलवत जाळ वर नेला. गाल फुगवून वारं सोडलं. जाळ फिरला, तोंडावर आला, आणि त्यांनी अर्धी मिशी धरून फेकून दिली. मग वर बोट केलं, आभाळात एक लांब तार ओढली, ती वितळवली, लोंबवली. राउटरकडं हात केला, डोळे वटारून लाल दिवा केला. आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी.

संस्कृती फिसकन हसली. मग पोट धरून हसली, शेजारच्या आईला चापट्या मारत हसली. तिचे वडील म्हणाले, "घ्या! पाव्हणं तर लई बोलतात की!"

आदिनाथ हसत नव्हता. तो बापाच्या हातांकडं बघत होता. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि बोट हवेत गोल फिरवलं.

तात्यांनी काकूंकडं बघितलं. "काय म्हणतोय?"

 काकूंनी पदर सारखा केला.

"म्हणतोय, परत सांगा. बापानं आजवर त्याला कधी काही सांगितलंच न्हाई." मग त्या जरा सरकल्या आणि तात्यांना पुढं बसायला जागा केली. "अन् या वक्ताला राधाकृष्णाचं बी सांगा. कॉल झाला की मी येते संगं, त्यांच्या घरी."

तात्या खाली बसले, मूठ धरली, आणि परत काडी ओढली.