कारणाचा रकाना

माझी थोरली जाऊ अज्ञानाने मेली, असे कचेरीच्या कागदावर लिहिलेले आहे. लिहिणारे माझे यजमान, तिचे सख्खे दीर. चारचौघींत माझा आवाज फुटत नाही, म्हणून हे या वहीत लिहिते.

प्लेगची साथ आली की घरे सोडून कोल्हापूरबाहेर जायचे, हा नेमच झाला होता. ज्यांना शेत होते ते शेतात झोपडी घालत. आमच्यासारख्यांना सरकारी छावणी. जाऊ मेली त्या वर्षी ती छावणीत गेलीच नाही. जांघेत गाठ आली, ती तिने चार दिवस लपवली आणि पाचव्या दिवशी संपली.

साथ ओसरल्यावर यजमानांना आमच्या पेठेचा तपास लिहायचे काम मिळाले. मेलेले पुरुष, मेलेल्या बायका, छावणीत न जाण्याचे कारण, असे रकाने आखलेले. ते दारात उभे राहत आणि घरातल्या पुरुषाला विचारत. परक्या बाईला विचारायची रीत नाही, आणि चुलीपाशी बसलेली बाई उंबऱ्यापर्यंत येऊन बोलायची नाही. पुरुष म्हणत, "बायकांस्नी काय कळतंय? अंगारा लावून बसत्यात." झाला तपास.

एका दुपारी मी तो कागद पाहिला. बायकांच्या रकान्यातल्या रेघा पुरुषांच्यापेक्षा कितीतरी दाट होत्या. मी हबकले. आम्ही आपापल्या घरची मेलेली रडत होतो. पेठभर बायकाच जास्त मेल्या, हे मला त्या रेघांनी दाखवले. तेवढे श्रेय मी यजमानांना देते. पण शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. अज्ञान.

कारण आम्हा बायकांना ठाऊक होते. जाऊ आणि शेजारची पिंजारीण एकाच जात्यावर दळायला बसत. आदल्या साथीत दोघी छावणीत राहून आल्या, तेव्हापासून ही ओवी म्हणत:

छावणीच्या छपराला नाही तट्ट्याचा आडोसा
दिसभर जीव कोंडे, अंधाराचा ग भरोसा

परसाकडेला बांबूच्या तट्ट्याचासुद्धा आडोसा नव्हता. बायका तापातसुद्धा दिवसभर पाणी पीत नसत. पुढच्या वर्षी जाऊ स्पष्ट म्हणाली, "हितंच मरंन की! पर त्या पोलिसांदेखत उघड्यावर बसणार न्हाय." ती ओवी पेठेतल्या जात्याजात्यावर गेली होती. यजमान ती रोज सकाळी अंथरुणात पडून ऐकत.

कागद दुसऱ्या दिवशी जाणार होता. छावणीला तट्टे द्यायचे की पोलीस वाढवायचे, हे त्यावर ठरणार होते. ते जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, "अहो, कारण चुकलंय."

"काय चुकलंय?"

ओवी तोंडातून निघेना. चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात ती पाटीवर लिहून मी त्यांच्यापुढे सरकवली. ते हसले.

"हा तपास आहे, दळण नव्हे. चार बुकं शिकली आणि दिवाण झाली!"

"मी घराघरांत आत जाऊन बायकांना विचारून येते."

"आणि साहेबांना काय सांगू? बायकोनं गाणी गोळा केली?" त्यांनी डाव्या हाताने पाटी पुसली आणि आमटी वाढायला सांगितली. मी वाढली. त्याचा राग मला अजून येतो, त्यांच्यापेक्षा माझा जास्त.

पुढच्या साथीला छावणीत पोलीस वाढले. तट्टा एकही नाही. किती बायका मेल्या हे त्यांच्या रेघांना ठाऊक, का मेल्या हे आमच्या जात्याला. दोन्ही एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, आणि मधे हा माणूस बोरू घेऊन बसलेला.

जाऊची लुगडी हुकमाप्रमाणे जाळली होती. म्हणून मी माझी दोन घेतली, पिंजारणीने दोन चादरी घेतल्या, आणि छावणीत जाऊन परसाकडेच्या जागेभोवती बांबूंना बांधल्या. "बघू आता कोण बघतंय त्ये," ती म्हणाली. पहिल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. चार दिवसांत निम्म्या पेठेतल्या बायका आल्या.

यजमान तपासाला आले. आडोशापाशी थांबले. त्यातले एक माझे लग्नातले हिरवे लुगडे होते, ते त्यांनी ओळखले; मी त्यांचे तोंड पाहिले.

त्यांचा नवा कागद मी नंतर वाचला. बायका छावणीत येण्याचे कारण: पोलिसांचा धाक.