कजरी कोणाला चाटत होती?

भूत-बित, करणी असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. जनावरांची डॉक्टर मी, आता रिटायर्ड. जन्मभर गाईम्हशींच्या मागे उभी राहिले, अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी भांडले. तेव्हा हे वाचून ओळखीचे लोक हसतील... हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, बाबा स्टील प्लांटमध्ये, राहायला सेक्टरमधलं क्वार्टर. मी एम.व्ही.एस्सी. करत होते आणि अभ्यासाला विषय घेतला होता — वासरू मेल्यावर गाय कशी वागते. हा विषय मला दिवस राहायच्या आधी ठरलेला, हे लक्षात ठेवा. कारण नंतर माझंच बाळ गेलं. पूर्ण दिवसांचं, पोटातच.

मला ते दाखवलं नाही. आमच्याकडे तशीच रीत. आईनं पाहू नये, पाहिलं की जीव अडकतो म्हणे. मी शुद्धीवर आले तोवर बाबा आणि मामा सगळं आटोपून आले होते. मुलगा की मुलगी, हेसुद्धा कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दूध आटवायच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. आई म्हणायची, "रड वो माय, एकडाव रडून घे. अशी दगडावानी कावून बसून राहिली?" मी भिंतीकडे बघत राहायचे. नवरा बालाघाटला नोकरीला. रविवारी यायचा, समोर बसायचा, संध्याकाळच्या गाडीनं जायचा.

मग एक दिवस उठले आणि काम सुरू केलं. आई भडकली, "ओली बाळंतीण गोठ्यात जाते का कुठं?" बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जाऊ दे तिले."

सुपेल्याच्या बाजारामागे, रेल्वे लाईनीकडे बिसाहूचं खटाल होतं. खटाल म्हणजे शहरातला गोठा — शेणाचा चिखल, टिनाचं छप्पर आणि बाहेर ऑटोंची पोंपों. त्याच्या कजरी नावाच्या गाईचं वासरू जन्मल्यावर लगेच गेलं होतं. बिसाहूनं मग खटालवाले करतात तेच केलं. वासराचं कातडं सोललं, वाळवलं, आत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून शिवलं, काड्यांचे पाय लावले. धार काढताना हे सोंग गाईसमोर उभं करायचं. ती हुंगते, चाटते, पान्हा सोडते. ही गाईची फसवणूक की तिला दिलासा, तेच मला बघायचं होतं. 'ॲनिमल वेल्फेअर' हा शब्द आमच्याकडे तेव्हा नवीन होता, माझे गाईड सर तो फार तोऱ्यात वापरायचे.

मी रोज दुपारी जाऊन बसायचे. कजरी ते कातडं एकदा हुंगायची आणि तोंड फिरवायची. दूध चोरायची, पान्हाच सोडायची नाही. बिसाहू वैतागायचा, "मानती ही नहीं, बाई. ऐसे में तो सूख जाएगी." मला एकदा वाटून गेलं, हिला निदान कातडं तरी दाखवलं. राग नव्हता त्यात. नुसतं वाटून गेलं.

त्या दुपारी बिसाहू बादली धुवायला नळावर गेला होता. स्टुलावर टाके दुखायचे म्हणून मी खाली तणसावर बसले होते, भिंतीला टेकून. कातडं लांब खांबाला टांगलेलं. एकदम कजरीनं मान वळवली आणि आवाज काढला. हंबरणं नव्हे. तोंड मिटून, घशातल्या घशात... नुकत्या जन्मलेल्या वासराशीच गाय असं बोलते. त्या कातड्याशी ती एकदाही बोलली नव्हती.

दावं ताणत ती माझ्यापाशी आली. वाटलं, मला चाटणार. नाही. माझ्या मांडीशेजारी, जिथं काही म्हणजे काहीच नव्हतं, तिथं ती चाटायला लागली. जीभ तणसाला टेकत नव्हती, जरा वरच फिरत होती. आधी डोकं, मग पाठ, मग पुन्हा डोकं — ओलं वासरू कोरडं करतात ना, अगदी तसं. मध्येच हुंगायची, पुन्हा तोच आवाज. सडांतून दूध आपसूक गळत होतं.

बिसाहू आला आणि बादलीसकट दारातच थांबला. घाबरला की तो छत्तीसगढीवर यायचा. "ये कोन ला चाटत हे? हट जा बाई, उहाँ ले हट जा!"

मी हलले नाही. हात पुढे केला. तणस दबलेलं होतं आणि गरम होतं, अंथरुणातून कोणाला आत्ता उचलावं तसं. ऊन तिथं येत नव्हतं. आणि तो खळगा वासराचा नव्हता. वासरं मी पुष्कळ पाहिलीत. हा फार लहान... दोन वितींचा असेल.

भीती वाटली का? नाही. काहीच वाटलं नाही. फक्त ब्लाउज ओला झाला. आटलेलं दूध पदर भिजेपर्यंत आलं. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं कजरी मागे सरकली, रवंथ करायला लागली. तणस गार झालं.

घरी आले तेव्हा आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. चपला न काढताच मी विचारलं, "आई, पोरगा होता का पोरगी?"

तिचे हात थांबले. तिनं सूप खाली ठेवलं.

"पोरगी," ती म्हणाली आणि फुटलीच. "पोरगी होती वो माय. डोकंभर केस होते. सिस्टरपासून मीनंच घेतली अन् पुसत बसली. डोकं पुसो, पाठ पुसो... थंडगार होती ना. मले वाटे, पुसत राहिलं तं गरम होईन."

त्या रविवारी नवरा आला तेव्हा आम्ही तिचं नाव ठेवलं. ते इथं सांगत नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतील हार्मोन्स. म्हणा. हार्मोन्स मी स्वतः शिकलेय, माझं दूध समजतं, कजरीचंही समजतं. पण ते तणस गरम कावून होतं, ते मले आजही सांगता येत नाही.