थंड पाण्यातली कॉफी

अण्णांच्या छातीत जळजळ सुरू झाली, त्या उन्हाळ्यात आईने घरातली कॉफी बंद केली. जयनगरात अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दिवसाला सहा-सात कप पोटात गेल्याशिवाय आपला हात स्थिर राहत नाही, असं ते म्हणायचे. "ॲसिडिटी आहे, आधी कॉफी सोडा," आई म्हणाली. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते.

मग चिकमगळूरच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं, की कॉफी थंड पाण्यात भिजवली तर जळजळत नाही. अण्णांनी मला बाजूला घेतलं. मी तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावीला होते.

"आईला सांगू नकोस. स्वल्प, थोडीशीच करून बघू."

चिकोरी न घातलेली पूड मी जाडसर दळून आणली. संध्याकाळी आई देवळात गेली की पूड स्टीलच्या डब्यात घालायची, वर गार पाणी ओतायचं आणि डबा फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्यामागे लपवायचा. सकाळी ती अंघोळीला गेली की मलमलच्या फडक्यातून गाळायचं. काळा, दाट अर्क. वाफ नाही, घरभर वास नाही. त्यात थंड दूध घालून अण्णा उभ्याउभ्या पिऊन टाकायचे.

"बघ, जळजळ गेली," आठवड्याने ते म्हणाले. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पण जिना चढताना ते मध्येच थांबू लागले, चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने. डावा हात चोळायचे. विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर वाकून बसतो ना." एकदा जेवताना जबडा धरून थांबले. "दात असेल." जळजळही परत आली, तेव्हा म्हणाले, "अजून जास्त वेळ भिजू दे." मी भिजू दिलं.

एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी हाक मारली. अण्णा जिन्यात बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ राखेसारखे.

"गॅस झालाय," ते म्हणाले.

"कसला गॅस!" म्हणत अक्का अनवाणीच ऑटो आणायला धावल्या.

हार्ट ॲटॅक होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"दुखत नव्हतं हो. ॲसिडिटी होती, ती कॉफी सोडल्यावर गेली," आई म्हणाली. मी भिंतीकडे बघत राहिले.

"ती ॲसिडिटी नव्हतीच," डॉक्टर म्हणाले.

अण्णा वाचले. पण जिना आता जमणार नव्हता, म्हणून आम्ही बनशंकरीला तळमजल्यावर राहायला गेलो. दुकान दुसऱ्याला दिलं. नव्या घरात सामान लावताना मी आईला सगळं सांगितलं. कॉफीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

"हात चोळायचे, ते तू पाहिलं होतंस?"

"हो."

ती उठली आणि कुकर लावायला आत गेली.