फाटकावरचे काका

आमच्या गावच्या रेल्वे फाटकावर जे काका असतात, त्यायचं नाव मले ठाऊक नाई. बोलनं लय फटकून. कोनी दांड्याखालून वाकला का ओरडतात, "थांब न बे! घरी माय नाई काय तुले?"

त्या दिवशी माह्या लेकराले तापात झटके आले, डोळे पांढरे झाले. मी त्याले छातीशी धरून पळत सुटली. दवाखाना पलीकडे हायवेवर, अन् फाटक बंद! मी वाकली तं काकानं मनगटच धरलं.

"सोडा न काका, पोरगं मरून राहिलं माहं!"

सोडलं नाई. पलीकडच्या ऑटोवाल्यावर ओरडले, "ऑटो फिरवून ठेव रे, लेकरू हाय!" मंग मालगाडी आली. त्यायच्या एका हातात हिरवी झेंडी, दुसऱ्या हातात माहं मनगट. गाडी सरता सरेना. मी त्यायले नाई नाई त्या शिव्या देल्या.

फाटक उघडलं, ऑटो तयारच होता. पोरगं वाचलं.

काल त्याले कडेवर घेऊन गेली, पन शरमेनं मान वर होये ना. काकानं पोराच्या गालाले बोट लावलं.

"लेकरू जेवते काय आता?"

"हो."

"अन् तू?"

मी शेवटचं कई जेवली, मलेच आठवे ना.