वहिनींना समुद्र दाखवायला

श्रावण लागला त्या दिवशी माझी पत्नी सुनंदा वारली. त्याच्या थोडं आधी तिने आमच्या मुलीला, मृणालला, समुद्रकिनाऱ्यावर लग्न करायला होकार दिला होता. का दिला, ते मला कळलं नाही. आम्ही अंबडची माणसं. पुस्तकांतला समुद्र मला ठाऊक होता, तेवढाच.

घरात मृत्यू झाला की आमच्याकडे लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. वैशाखातला दुपारचा मुहूर्त धरला. कन्यादानाला नवरा-बायको जोडीने बसतात, म्हणून थोरले भाऊ आणि वहिनी बसतील असं मी धरून चाललो होतो. विचारायला गेलो तेव्हा वहिनी ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमी बसणार न्हाई."

समुद्रामुळेच, असं मला वाटलं. ते दोघे बसले नाहीत तर लग्न अडणार. म्हणून माघात मी वहिनींना जागा दाखवायला घेऊन निघालो. भावाचा हरभरा काढणीला आला होता, तो घरीच राहिला.

अंबडहून एसटीने पुणे, तिथून दुसरी गाडी. घाट लागला तसे वहिनींनी डोळे मिटून घेतले, ते लाल माती आल्यावर उघडले.

"इथं कापूस येत नसंल," त्या म्हणाल्या.

दापोलीच्या बऱ्याच पुढे रिक्षाही थांबली आणि पायवाट सुरू झाली.

"वऱ्हाड इथून चालत आणायचं? नवरदेवाचं घोडं मधीच बसंल, भाऊजी."

जागेच्या मालकीण विमलताई वाटेवर उभ्या होत्या. त्यांची वाडी (नारळ-पोफळीची बाग) ओलांडली की पुळण (वाळूचा किनारा) लागते. चपला काढायच्या की नाही, हेच मला ठरवता येईना. वहिनींनी कपाळावर हात धरून किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, मग सुरू झाल्या.

"मांडवाचं तोंड कुणीकडं? देवक कुठं बसवायचं? आन् ह्या वाऱ्यात अक्षदा पोरीच्या डोक्यावर पडतील का गोव्यात?"

असलं सगळं सुनंदा बघायची. मी काठ्या रोवून मांडवाचे चार कोपरे धरले. काहीतरी केल्यासारखं वाटलं.

विमलताईंनी घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि सोलकढी वाढली. वहिनींनी कढीचा गुलाबी रंग संशयाने पाहिला आणि दोनदा मागून घेतली. दुपारी परत आलो तर काठ्या नव्हत्या. त्या जागी पाणी होतं.

"भरती आली," विमलताई म्हणाल्या. "आज पुनव. लग्नही पुनवेच्या जवळ ना? मग मुहूर्ताला असंच पाणी असणार. मांडव वाडीत घाला."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "वऱ्हाड यायच्या आधीच मांडव गेला की हो!"

विमलताई घरात गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही बसायला नाही म्हणालात ते बरोबरच होतं."

"समुद्राचं काय न्हाई." त्यांनी लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरल्या. "मला तर लई आवडला. पन बाप जिता असताना आमी कामून बसावं? बायको नसली की सुपारी ठेवतेत बाजूला. भटजीला इचारलंय मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी थांबलात कुठं? बसणार न्हाई म्हनलं की उठून गेलात."

सुनंदाच्या जागी सुपारी. मी ते पुन्हापुन्हा मनात म्हणून पाहिलं. "मला जमणार नाही," मी म्हणालो.

"मंग पोरीला तसं सांगा."

पुण्याच्या स्टँडवरून मी मृणालला फोन केला. गाड्यांच्या पुकाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं. वाडीचं सांगितलं, भरतीचं सांगितलं, सुपारीचं सांगताना थांबलो. तिला ते आधीच माहीत होतं. वहिनींशी तिचं बोलणं झालेलं होतं.

"बाबा, बसाल ना?"

मी हो म्हणालो. शेजारी वहिनी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

पुस्तकांतले प्रवासी परत येतात ते काहीतरी समजून घेऊन. मला अजून नीट समजलेलं नाही. सुपारी बाजूला ठेवल्यावर मी तिच्याकडे पाहायचं की समोर, हेही मी कुणाला विचारलेलं नाही.

मांडव वाडीत घालणार आहोत. कन्यादानाला मी बसेन. शेजारच्या पाटावर सुपारी असेल.