गाळी मोजणारा

जयनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा हा शास्त्रज्ञ चहावर फुंकर घाली आणि प्यायचं विसरून कपातल्या लहरीच बघत बसे. जन्म इथलाच, बंगळूरचा, त्यामुळे मराठीत कानडी सहज मिसळे. "अक्का, स्वल्प थांबा" हे तर दर वाक्याआधी. त्याच्या तंद्रीपायी दोन स्थळं परत गेली होती. घरचं वडीलधारं कोणी नव्हतं, म्हणून नागपूरची मंडळी आली तेव्हा खुर्च्या, पोहे, ओळखी सगळं मीच पाहिलं.

"काम काय करता?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"उपग्रहावरून समुद्रावरची गाळी मोजतो."

वडिलांचा चमचा थांबला. "गाली? म्हणजे शिव्या?"

"वारा हो! कानडीत वाऱ्याला गाळी म्हणतात," मी घाईने सांगितलं.

तो मात्र खुलला. ताटलीत पाणी ओतून त्याने फुंकर मारली. "उपग्रहाला वारा दिसत नाही, पाण्यावर उठलेल्या या बारीक लहरी कळतात. त्यावरून जोर नीट समजतो. दिशा मात्र कधी कधी नेमकी उलटी निघते."

"मग खरी कशी ओळखता?" मुलीने विचारलं.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "शेजारच्या वाऱ्यांना विचारतो."

वडील माझ्याकडे वळले. "मग शेजारीणबाई, तुम्हीच सांगा."

स्थळ हातचं घालवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "दिशा चोख आहे," मी म्हटलं. "जोर जरा कमी."

"तेवढा मी वाढवीन," मुलगी म्हणाली.