परीक्षा दोघांची, कार्ड एक

माझे यजमान एसी दुरुस्त करतात आणि मीही करते. सुरुवातीला शेजारणी विचारायच्या, ‘अगंबाई, तुम्हीपण शिडीवर चढता?’ मी सांगायचे, ‘हाका मारून एसी खाली येत नाही, म्हणून चढते.’ लातूरकडून आम्ही पुण्याजवळ चिखलीत आलो तेव्हा मी नुसती शिडी धरायचे. मग जाळ्या धुवायला लागले, मग तांब्याचे पाइप वाकवायला, मग जोड द्यायला. गॅसला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. ‘ते मी बघतो, तू सामान आवर,’ असं म्हणून शेवटचं ते काम स्वतःकडे ठेवायचे. मला भारी राग यायचा. कणीक मी मळायची आणि फुगलेली पोळी यांनी तव्यावरून उचलायची, असला तो प्रकार होता.

चाकणच्या एका कंपनीचे सगळे एसी आमच्याकडे होते आणि आमचा अख्खा उन्हाळा त्या एका कामावर निघायचा. यंदा तिथून निरोप आला, की परीक्षा पास होऊन कार्ड मिळवलेल्या माणसानेच मशीनला हात लावायचा. कार्ड नसेल तर काम दुसऱ्याला जाणार. यजमानांना या वयात वर्गात बसायची लाज वाटत होती. ‘पोरासोरांत मी एकटाच काय बसू? तू बी चल, सोबत होईल,’ म्हणाले. दवाखान्यात जाताना बायकोला बरोबर नेतात ना, तसं मला नेलं. मी मात्र नवी वही घेऊन टेचात गेले.

वर्ग ताथवड्याला भरायचा. नवा एसी जोडला की पाइपात हवा अडकलेली असते. ती पंपाने ओढून काढायची, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा एका जागी टिकतो का ते बघायचं आणि मगच गॅस सोडायचा, असं तिथे शिकवत. आमच्या धंद्यात घाईची एक निराळी रीत आहे. एसीतलाच थोडा गॅस सोडायचा, तो हवेला बाहेर ढकलतो, फुस्स आवाज झाला की नट आवळून मोकळं व्हायचं. जड पंप चार जिने वर न्यायला नको. यजमान यात इतके तरबेज, की नुसत्या आवाजावरून हवा गेली की नाही ते सांगायचे. वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवर रोज कुरकुरायचे, ‘इतकी वर्षं माझ्या हातचा एसी बंद पडला न्हाई, आन् आता हे मला शिकवायलेत.’

परीक्षेच्या दिवशी त्यांचा नंबर माझ्याआधी लागला. परीक्षक कोवळा पण शांत माणूस होता. यजमानांनी पाइपाचा जोड असा सुरेख दिला, की मागे उभी असलेली मुलं माना पुढे काढून बघायला लागली. मला अभिमान वाटला. तेवढ्यात परीक्षकाने सहज घड्याळ बघितलं. ते बघून यजमानांचा हात आपसूक गॅस सोडायच्या किल्लीकडे गेला. पंप शेजारीच होता. फुस्स झालं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग परीक्षकाकडे.

‘थांबा काका,’ तो म्हणाला. ‘हा गॅस पेट घेणारा आहे. असा मोकळा सोडला, की परीक्षा इथेच थांबवावी लागते.’

‘सवयीनं झालं हो.’

‘माहीत आहे, काका. पुढच्या वेळी या.’

ते बाजूला झाले आणि माझं नाव पुकारलं गेलं. आता कंपनीचं काम राहणार की जाणार, ते माझ्यावर येऊन ठेपलं होतं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं, आणि रागात माझे हात झकास चालतात. शिवाय मोडायला माझ्याकडे जुनी सवयच नव्हती. ती त्यांनी मला लागूच दिली नव्हती. मी पंप लावला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. परीक्षकाने पुन्हा घड्याळ बघितलं. बघो बापडा, म्हटलं. काटा खाली जाऊन पक्का टिकला, तेव्हाच मी गॅस सोडला.

मी पास झाले. मी आतून नुसती फुलले होते, पण पेढे आणायची सोय नव्हती. जेवताना मी म्हटलं, ‘पुन्हा बसा परीक्षेला.’ ते ‘बसतो’ म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

चाकणला पहिल्या दिवशी ते माझे मदतनीस म्हणून आत आले. कार्ड नसलेल्याला तेवढीच मुभा होती. गच्चीवरचा एक एसी थंड करत नव्हता. कंपनीचे इंजिनीअर साहेब यांच्या जुन्या ओळखीचे. वर येता येता त्यांनी सवयीनं यांनाच विचारलं, ‘काय मिस्त्री, गॅस कमी झालाय का?’

यजमानांनी मशीनकडे एक नजर टाकली होती. त्यांना दुखणं कळलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली बसून ते हत्यारांच्या पिशवीतले पाने पुसायला लागले. साहेब वाट बघत राहिले. हे मान वर करेनात.

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला यापेक्षा मोठं काही दिलेलं नाही. मी गेज लावून बघितलं, जाळीआड बोट फिरवलं आणि साहेबांना म्हणाले, ‘गॅस पुरेसा आहे. आत माती बसलीय. आधी धुऊन घेते, मग बोलू.’

ते उठले आणि पाण्याचा पाइप सोडवायला लागले.